बोट तिचं, रक्त माझं

सिनेमा कुठला होता ते मला विचारू नका. तिकीट काढलं, गार हवेत खुर्चीत टेकले, पडद्यावर कुणीतरी गाडीतून उतरलं, एवढंच आठवतं. त्यानंतर एकदम दिवे लागलेले, आणि झाडूवाला माझ्या पायाशी उभा राहून "बाई, पाय वर घ्या" म्हणत होता. म्हणजे मी पैसे मोजून झोपायला गेले होते. घरी फुकटात झोपता येत नाही ना मला! जरा आडवी झाले की सासूबाईंना पाणी लागतं, नवऱ्याला मोजे सापडत नाहीत, आणि कुणी नाही तर नळ तरी गळायला लागतो.

मी तिथं तोंड उघडं टाकून घोरत होते, आणि त्याच वेळी माझी नणंद माझा बिल्ला गळ्यात अडकवून माझ्या टेबलावर माझं काम करत होती. तिला मी सांगितलं होतं, पोटात फार दुखतंय. सकाळी पोट धरून वाकून दाखवलं होतं. नाटकात घेतलं असतं मला.

आम्ही दोघी एकाच धुलाई कारखान्यात आहोत. हॉस्पिटलांच्या चादरी, गाऊन, टॉवेल आमच्याकडे येतात. कारखान्याच्या दोन बाजू आणि मध्ये भिंत. एकीकडे मळकं येतं, दुसरीकडे धुतलेलं निघतं. मी मळक्या बाजूची. आम्ही पिशव्या उघडून कपडे वेगवेगळे करतो, आणि त्यात नको नको ते सापडतं. कवळ्या सापडतात, चमचे सापडतात, एकदा तर चादरीत गुंडाळलेला मोबाईल वाजायला लागला आणि सगळ्याजणी किंचाळल्या. आणि सुया. वॉर्डात घाई असते, सुई गादीवर राहते, चादरीचा गोळा होतो आणि आमच्याकडे येतो. हातमोजे जाड असतात, पण सुईला त्याचं काय!

नणंद भिंतीपलीकडे धुतलेल्या कपड्यांच्या घडीवर असते. घरात तिला बारकी म्हणतात. लग्नाला आली तरी बारकीच. मला जाऊ नाही, बहीण नाही, जे काय ते ही बारकी.

बिल्ला फिरवणं हा आमच्या बायकांचा आपसातला मामला. सुट्टी मागितली की शंभर प्रश्न, म्हणून जिला नड असेल ती दुसऱ्या पाळीतल्या एखादीला आपला बिल्ला देते. मळक्या बाजूला टोपी, चष्मा, मास्क, गळ्यापासून घोट्यापर्यंत एप्रन. त्यात सासू कोण नि सून कोण, कुणाच्या बापाला कळत नाही. सुपरवायझर बिल्ले मोजतो, माणसं मोजत नाही. पकडलं गेलं तर मात्र दोघींना घरी बसवतात. मागे एका जोडीला बसवलं होतं. बारकीची पाळी दुपारची, माझी सकाळची, त्यामुळे आमचं छान जमायचं.

पाळी सुटायच्या वेळी मी बिल्ला परत घ्यायला फाटकाशी गेले. सायकली लावतात त्या शेडमागे बारकी उभी होती. हात पाठीमागे.

"वहिनी, आधी ओरडणार नाही म्हण."

"ओरडणार नाही. काय झालं?"

"टोचलं."

तिनं हात पुढे केला. उजव्या हाताचं मधलं बोट. लाल टिंब, एवढंसं. बघून वाटावं, हे काय दाखवायला आणलंय.

"कुणाला सांगितलंस?"

"शिट्टीला." शिट्टी म्हणजे आमचा सुपरवायझर, गळ्यातली शिट्टी तो घरी तरी काढत असेल का कोण जाणे. "तूच म्हणतेस ना, टोचलं की आधी धुवायचं, मग सांगायचं, मग रडायचं. तसंच केलं. त्यानं सगळं लिहून घेतलं. कुठलं टेबल, किती वाजता, पिशवीला कुठल्या वॉर्डची चिठ्ठी होती, कुठला हात. आता सिस्टरकडे जा म्हणालाय. मी जाते म्हटलं आणि तुझी वाट बघत उभी राहिले." मग म्हणाली, "तुझं पोट कसं आहे?"

पोट! मी म्हटलं, बरं आहे आता.

आमच्याकडे टोचल्याच्या नोंदीत नाव घालत नाहीत, बिल्ल्याचा नंबर घालतात. उगाच कुणाच्या आजारपणाची चर्चा नको म्हणून. नियम चांगलाच आहे. म्हणजे त्या कागदावर टोचलं होतं मला. बारकी तिथं नव्हतीच.

माझं डोकं अशा वेळी फार चालतं, तेच वाईट. मी तिच्या गळ्यातला बिल्ला काढला, माझ्या गळ्यात घातला आणि म्हटलं, तू जा तुझ्या पाळीला, सिस्टरकडे मी जाते. रक्त देऊन येते, औषध दिलं तर तुला आणून देते. कुणाला पत्ता लागायचा नाही. ती माझ्याकडे बघून हसली. सुटका झाल्यासारखी हसली, कारण सुईच्या नावानं तिला घाम फुटतो. लहानपणी इंजेक्शनच्या भीतीनं ती धान्याच्या पिंपात लपली होती, असं सासूबाई अजून सांगतात.

सिस्टरकडे जायच्या आधी मी संडासात गेले, एप्रनच्या नाडीला असते ती सेफ्टी पिन काढली आणि मधल्या बोटात खुपसली. चांगलीच खुपसली. खरं सांगू का, रक्त आलं तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, चला, मीही थोडं भोगलं. असल्या हिशेबाला काही अर्थ असतो का? पण वाटलं.

कारखान्यातली सिस्टरची खोली म्हणजे एक टेबल, एक कपाट, एक छोटा फ्रीज आणि रक्त घ्यायची दांड्यांची खुर्ची. सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. शिट्टीचा कागद त्यांच्यासमोर होता.

"बोट दाखव."

मी दाखवलं. त्यांनी कागदाकडे बघितलं, बोटाकडे बघितलं, परत कागदाकडे.

"इथं उजवा हात लिहिलाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बारकी डावखुरी. ती डाव्या हातानं उपसते आणि उजव्यानं धरते, म्हणून टोचलं ते उजव्याला. मी आपली पिन उजव्या हातात धरून डावं बोट टोचून घेतलं होतं.

"शिट्टीला कुठं डावं-उजवं कळतं, सिस्टर!" मी म्हटलं. "समोर उभा राहून लिहितो, त्याचं उजवं ते आपलं डावं."

सिस्टर कधी नाही त्या हसल्या. "खरंय बाई," म्हणाल्या. 'उजवा'वर रेघ मारली, वर 'डावा' लिहिलं, बाजूला सही केली. शिट्टीनं त्या दिवशी हात अगदी बरोबर लिहिला होता, तो मी सिस्टरकडून चूक करून घेतला.

मग त्यांनी पिशवीच्या चिठ्ठीवरून त्या वॉर्डला फोन लावला. नुसतं हं, हं, बरं, असं चाललं होतं. फोन ठेवून कपाटातून माझं कार्ड काढलं आणि माझ्या दंडाला पट्टा बांधत म्हणाल्या, "त्या वॉर्डात 'बी' प्रकारच्या काविळीचे पेशंट आहेत. पण तू घाबरू नकोस. तुझे लसीचे तिन्ही डोस झालेत, रक्तात ताकदही चांगली आलीय. तुला काही द्यायची गरज नाही. नोंदीसाठी रक्त तेवढं घेते, पुढे पुन्हा दोनदा बघू."

"आणि लस नसती तर?"

"तर आज नाही तर उद्या सकाळी इंजेक्शन, आणि लगेच लस सुरू. त्याशिवाय सोडलं नसतं मी तुला. जितका उशीर तितका उपयोग कमी."

"आणि कुणी घेतलंच नाही तर?"

"काहींना काहीच होत नाही. काहींचं लिव्हर जातं. तू कशाला विचार करतेस? तुझं सगळं नोंदलेलं आहे."

माझं सगळं नोंदलेलं होतं, ते खरंच. नळीतून माझं चांगलं, ताकदीचं रक्त वर चढत होतं, आणि मला दिसत होती बारकी. याच खोलीत, लस द्यायच्या दिवशी. घडीवाल्यांनाही लस होती, नको असेल तर नकाराच्या कागदावर सही करायची. बारकी दारात उभी राहून मला म्हणाली होती, वहिनी, तू हात धरशील तर घेते. आणि मी? मी पाळी संपवून दमून आले होते, घरी कपड्यांचा ढीग होता. मी म्हटलं, तीन वेळा यायचं नि तीनही वेळा तुझा हात धरून बसायचं, तू काय तान्हं बाळ आहेस? टाक सही आणि हो मोकळी. घडीवर कसली आलीय सुई!

तिनं सही टाकली. माझ्यापुढे ती नाही म्हणतच नाही कधी.

तोंड उघडायचं ते त्या खुर्चीतच. सिस्टर समोर, फ्रीज मागे, बारकी भिंतीपलीकडे चादरींच्या घड्या घालतेय. पाच मिनिटांचं काम. आणि मी काय केलं? कापसाचा बोळा दाबून धरला आणि "येते" म्हणून बाहेर पडले. दोघींची नोकरी गेली तर घर कसं चालणार, हे मी स्वतःला सांगत होते. पण ते निम्मंच खरं होतं. बिल्ला का फिरवला असं विचारतील, आणि मग तो मेला सिनेमा निघेल, याची मला जास्त लाज वाटत होती.

संध्याकाळी बारकीची पाळी सुटली तशी तिला परस्पर वाटेवरच्या एका डॉक्टरकडे नेलं. म्हटलं, पैसे टाकू, इंजेक्शन घेऊ, कारखान्याचा संबंधच नको. तिला कळेना की मी तिला कुठं नेतेय.

"अगं पण तू जाऊन आलीस ना सिस्टरकडे? लिहून झालं, रक्त दिलंस, संपलं की!"

"रक्त माझं तपासलं गं. बोट तुझं होतं."

ती रस्त्यातच थांबली. मग हळूच चालायला लागली आणि माझा दंड धरला.

डॉक्टर तरुण होता, जांभया देत होता. ते इंजेक्शन आमच्याकडे ठेवत नाहीत, म्हणाला. मग विचारायला लागला, सुई कुणाची, कुठल्या वॉर्डची, तिथं कोणता आजार, तुमच्या कारखान्यानं काय नोंद केलीय? नोंद असेल तर ते लगेच देतील, त्यांना द्यावंच लागतं. "नोंद झालीय ना तुमची?" असं त्यानं बारकीलाच विचारलं. बारकीनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

घरी जेवताना बारकी ताटात नुसती बोटं फिरवत होती. सासूबाई म्हणाल्या, "दोघींचे चेहरे का असे? भांडलात की काय?" आणि स्वतःच म्हणाल्या, "छे, तुम्ही कुठल्या भांडता! बारकीला आईपेक्षा वहिनी जवळची." मी भांडी घेऊन उठले. भांडी घासताना मला रडू आलं, पण नळ गळतच होता, कुणाला काही कळलं नाही.

सकाळी कामावर जायच्या आधीच मी बारकीला उठवलं. चल, म्हटलं. नोकरी जाईल तर जाऊ दे. तिनं वेणीसुद्धा धड घातली नाही. सिस्टरच्या दारात पोचलो तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, थंडगार, आणि ती पुटपुटत होती, "तू हात सोडायचा नाहीस हं, वहिनी. सोडलास तर मी पळून जाईन."

"नाही सोडत गं," मी म्हटलं.

सिस्टर नुकत्याच कुलूप काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काल माझ्या बिल्ल्यावर ही होती. टोचलं ते हिला. हिची लस झालेली नाही. माझं बोट मी पिनेनं टोचलं.

सिस्टर आत गेल्या, चष्मा लावला, बारकीला खुर्चीत बसवलं, तिचं उजवं बोट उजेडात धरून बघितलं. फ्रीज उघडला, एक छोटी बाटली बाहेर काढून ठेवली. मग कालचा कागद काढला आणि 'डावा' या शब्दाकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

"नवीन नोंद करावी लागेल," शेवटी म्हणाल्या. "हिच्या नंबरची. आणि जुनी का रद्द केली तेही लिहावं लागेल. ही तुझ्या टेबलावर का होती?"

मी तोंड उघडायच्या आत बारकीच बोलली. "वहिनीचा दोष नाही, सिस्टर. तिचं पोट फार दुखत होतं. उभंसुद्धा राहवत नव्हतं तिला. मीच म्हटलं, तू पड, मी जाते." आणि माझा हात तिनं आणखी घट्ट धरला. आता काही होणार नाही, मी सांभाळून घेतलंय, असा.

मी गप्प राहिले. खोटं सांगत नाही. मला वाटलं, हे एवढं राहिलं तरी चालेल. बाकी सगळं कबूल केलंय, हे एवढं माझ्यापाशी राहू दे.

सिस्टरनी पेन खाली ठेवलं.

"पोट दुखत होतं? कधीपासून? उलटी? लघवी पिवळी? इकडे ये, डोळे दाखव." त्यांनी माझी खालची पापणी ओढली. "मळक्या बाजूच्या बाईचं पोट एवढं दुखतं आणि मला आज कळतं? हे वेगळं नोंदवायला पाहिजे. तुझ्या टेबलाच्या आजूबाजूच्या सगळ्याजणींना बोलवावं लागेल, त्यांचीही रक्तं घेऊ. काल तू इथं बसली होतीस तेव्हा का नाही बोललीस?"

त्यांनी कपाटातून दुसरा कागद काढला. कोरा. वर माझा नंबर लिहिला. आणि पेन टेकवून माझ्याकडे बघत थांबल्या, कधीपासून दुखतंय ते लिहून घ्यायला.

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या टेबलावरच्या बायका आल्या. एकीची मुलगी आजारी, एक स्वतःच सुईला भिणारी. माझ्या सिनेमापायी सगळ्याजणी या खुर्चीत बसणार, घाबरणार, घरी जाऊन रडणार. बारकीचा हात माझ्या हातात होता आणि तिनं मला बळ द्यायला म्हणून तो जरा दाबला.

"पोट दुखत नव्हतं," मी म्हटलं.

सिस्टरनी कागदावरून पेन उचललं.

"मी सिनेमाला गेले होते."

सिस्टरनी माझा नंबर लिहिलेला कागद हळूच बाजूला सारला. मी बारकीकडे बघत नव्हते. मी जमिनीकडे बघत होते.

"कुठला?" बारकीनं विचारलं.

"काय?"

"कुठला सिनेमा?"

रागानं नाही विचारलं तिनं. रागानं विचारलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, मला रागाशी बोलता येतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढं तरी कळू दे, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. आणि मला सांगता येईना.

"माहीत नाही गं. मी झोपले."

तिनं मान हलवली. मग माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. झटकला नाही. आपलीच एखादी वस्तू उचलून घ्यावी तसा काढून घेतला आणि खुर्चीचा दांडा धरला.

सिस्टर लिहीत होत्या. मला उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'सिनेमा' एवढंच लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सही कर. हे वर ऑफिसात जाईल. पुढचं मला माहीत नाही." मी सही केली. नोकरीचा विचार तेव्हा खरंच माझ्या मनात नव्हता.

सिस्टरनी सुई भरली, वर धरून टिचकी मारली. बारकीचे ओठ पांढरे पडले होते. मी एक पाऊल पुढे झाले.

"वहिनी, तू बाहेर थांब," ती म्हणाली.

मी बाहेर आले. दार लागलं. मी दाराला कान लावून उभी राहिले, आता ओरडेल, आता मला हाक मारेल, म्हणून. पाळीच्या बायका येत होत्या, मला बघून "काय गं, इथं काय?" म्हणत होत्या, आपापले बिल्ले अडकवत पुढे जात होत्या.

आतून काहीच आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं सिस्टरचं बोलणं ऐकू आलं, "झालं बाळा, झालं," आणि मग बारकीचं, अगदी नेहमीच्या आवाजात, "पुढची लस कधी? मी एकटी येईन."